स्पंज पद्धतीने शिक्षण: एक केस स्टडी

इंजिनीअरिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पूर्वी माणसं एकमेकांना "जेवलात का?" असं विचारायची. हल्ली "पेपर टाकला का?" असं विचारतात. टाकला म्हटलं की "स्कोपस आहे का?" आणि स्कोपस म्हटलं की "प्लॅग किती आला?" तिन्ही प्रश्नांना धड उत्तरं देणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात.

पूर्वी पेपर टाकायचा म्हणजे आधी काहीतरी करावं लागे. आम्हा सिव्हिलवाल्यांना काँक्रीटचे ठोकळे ओतून, २८ दिवस पाण्यात बुडवून, मग फोडावे लागत. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण रोज वर्गात जे शिकवतो, त्यावरच पेपर होतो. ना सिमेंट लागतं, ना मशिन बंद पडतं. या शाखेला इंजिनीअरिंग एज्युकेशन रिसर्च म्हणतात आणि ती काही कालपरवाची नाही. शिकागोच्या १८९३ च्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात अमेरिकेतल्या अभियांत्रिकी शिक्षकांनी आपली संघटना काढली. आपल्याकडे खरा जोर आला तो २०१४ नंतर. त्या वर्षी भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सभासद झाला, अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएचे लोक कॉलेजात येऊन "तुम्ही काय शिकवलं ते राहू द्या, पोरं काय शिकली ते दाखवा" म्हणू लागले, आणि आम्ही सगळे एक्सेल उघडून बसलो ते अजून उठलेलो नाही. आपल्या सांगली जिल्ह्यात, राजारामनगरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून, ‘जर्नल ऑफ इंजिनीअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ हे याच विषयाचं नियतकालिक निघतं. चहूकडे ऊस आणि मध्ये डबल-ब्लाइंड रिव्ह्यू, याचा आम्हा दक्षिण महाराष्ट्रातल्या मास्तरांना रास्त अभिमान आहे. मी माझा पेपर कुठे पाठवला ते मात्र सांगणार नाही. तो अजून त्यांच्या हातात आहे.

तर माझा प्रयोग असा. मी एसओएम शिकवतो, म्हणजे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. त्यात बेंडिंगचा चॅप्टर आला की पोरांचे चेहरे पडतात. मी गादीच्या फोमचा एक लांबट तुकडा घेतला. त्याच्या बाजूवर काळ्या मार्करने सारख्या अंतरावर उभ्या रेषा मारल्या आणि बरोबर मधून एक आडवी. दोन्ही टोकं धरून तुकडा वाकवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींजवळ येतात, खालच्या बाजूला फाकतात आणि मधली आडवी रेष वाकते खरी, पण तिची लांबी तेवढीच राहते. वर दाब, खाली ताण, मध्ये काही नाही. फळ्यावर अर्धा तास घालवून जे कळत नाही ते पोरांना एका झटक्यात दिसलं. मग तसेच तुकडे करून गटागटाला वाकवायला दिले. संपला प्रयोग. पोस्टकार्डावर मावला असता. पण पेपर आठ पानांचा हवा.

मसुदा विभागप्रमुखांनी वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"सर, ‘फोम’ काढा."

"का? फोमच होता की."

"फोम म्हटलं की गादी आठवते. ‘लो-कॉस्ट टॅक्टाइल मॅनिप्युलेटिव्ह’ लिहा. आणि पद्धतीला नाव द्या काहीतरी. नाव नसलेल्या पद्धतीला सायटेशन कोण देणार?"

त्यांचं खरं होतं. या क्षेत्रात नुसतं चांगलं शिकवून भागत नाही, चांगल्या शिकवण्याची आद्याक्षरं जमावी लागतात. स्टाफरूमची एक अख्खी दुपार त्यात गेली. प्रथम ‘फोम’च घेऊन पाहिलं. एफला ‘फ्लिप्ड’ चाललं असतं, पण माझा वर्ग फ्लिप्ड नव्हता, सरळच होता. मग मेकॅनिकलच्या मॅडमनी ‘स्पंज’ सुचवलं आणि पाच मिनिटांत अक्षरं बसवून दिली: स्टुडंट-सेंटर्ड, पार्टिसिपेटरी, आउटकम-ओरिएंटेड, नॉव्हेल, ग्रुप एंगेजमेंट. मी म्हटलं, यात नवीन काय आहे? फोम वाकवून दाखवणारे मास्तर माझ्या आधीही होऊन गेले. मॅडम म्हणाल्या, "सर, नॉव्हेल नसेल तर एन कुठून आणायचा?"

शीर्षक तयार झालं: ‘एनहान्सिंग हायर ऑर्डर थिंकिंग इन मेकॅनिक्स कोर्सेस थ्रू स्पंज फ्रेमवर्क: अ केस स्टडी’. यातलं ‘अ केस स्टडी’ हे फार कामाचं. एकाच वर्गात एकदाच केलं, असा त्याचा अर्थ.

लेखकांच्या नावांचा प्रश्न लग्नपत्रिकेइतकाच नाजूक. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाला खाली ‘इतर नातेवाईक’मध्ये ढकललं, आणि त्यावरून कोण पुढची दहा वर्षं बोलणार नाही. हल्ली जर्नलंही हुशार झाली आहेत. प्रत्येक लेखकाने नक्की काय केलं ते १४ ठरावीक भूमिकांमधून निवडून सांगावं लागतं: कल्पना कुणाची, विश्लेषण कुणाचं, देखरेख कुणाची, साधनसामग्री कुणाची. विभागप्रमुखांना देखरेख दिली, कारण प्रयोग चालू असताना ते एकदा दारातून डोकावले होते. प्रामाणिकपणे बघितलं तर साधनसामग्रीत आमच्या लॅबच्या मामांचं नाव यायला हवं होतं. गादीवाल्याकडे जाऊन, घासाघीस करून, स्कूटरच्या पुढे फोमचा गठ्ठा धरून ते आले होते. मी विचारायला गेलो तर हात जोडून म्हणाले, "माझं नाव नगा घालू सर. उद्या ऑडिटवाले फोमची पावती मागतील."

ज्यांना सहलेखक मिळत नाहीत त्यांनी निराश होऊ नये. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ साली एकट्याने पेपर लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ असं लिहून ठेवलं. एकट्या लेखकाचं ‘आम्ही’ त्या जर्नलला चालत नाही, असं एका सहकाऱ्याने सांगितलं. टाइपरायटरचा जमाना, सगळा पेपर पुन्हा कोण बडवणार? त्याने आपल्या सयामी मांजराला सहलेखक केलं, एफ. डी. सी. विलर्ड या नावाने. पेपर छापून आला. मांजराने कुठल्याही मीटिंगमध्ये क्रमावरून वाद घातल्याची नोंद नाही.

लिटरेचर सर्व्हे हा भाग मी पटकन उरकतो, कारण सगळेच तो पटकन उरकतात. शिकण्याच्या पायऱ्या सांगणारा ब्लूम १९५६ टाकायचा, त्याची २००१ ची सुधारित आवृत्ती टाकायची. पुढे २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन ‘अ‍ॅक्टिव्ह लर्निंगने पोरं कमी नापास होतात’ असं सांगणारा २०१४ चा फ्रीमन आणि मंडळींचा पेपर टाकायचा. तो मात्र खरोखर वाचण्यासारखा आहे. अडचण आहे ती त्या शंकूची. ‘माणसाला वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हा रंगीत शंकू आपल्याकडच्या प्रत्येक फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅमच्या तिसऱ्या स्लाइडवर असतो आणि खाली एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ मध्ये शंकू काढला हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता. आकडे मागाहून लोकांनी चिकटवले. हे मी एका वर्कशॉपमध्ये बोलून दाखवलं, तर वक्ते म्हणाले, "आकडे असले की लक्षात राहतं."

आता आकड्यांकडे वळू. ए डिव्हिजनला स्पंज, बी डिव्हिजनला खडू-फळा, दोघांची आधी परीक्षा, नंतर परीक्षा, आणि मग टी-टेस्ट. ही टी-टेस्ट काढली विल्यम गॉसेट यांनी. ते डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. थोड्या नमुन्यांवरून मालाचा दर्जा कसा ठरवायचा, ही त्यांची अडचण. कंपनीच्या नियमामुळे स्वतःच्या नावाने छापता येईना, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने पेपर छापला. आज ती बिअरवाली टेस्ट आम्ही, गेटवर पोरांच्या बॅगा तपासणाऱ्या कॉलेजात बसून, खऱ्या स्टुडंटांवर लावतो.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली तर पेढे. ०.०६ आली तर विभागात सुतकी शांतता पसरते आणि कुणीतरी हळूच विचारतं, "गैरहजर पोरं मोजलीत का त्यात?" असे आकडे हलवू नयेत हे रिसर्च मेथडॉलॉजीच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगतात, आणि कसे हलवायचे ते चहाच्या सुट्टीत सांगतात.

पोरांचं मत घ्यायचं तर लिकर्ट साहेबांची १९३२ ची पाच पायऱ्यांची शिडी: अजिबात पटत नाही इथपासून पूर्ण पटतं इथपर्यंत. फॉर्म लिंकवर पाठवला. पोरं बिचारी मोबाइलवर अंगठा फिरवत गेली, कुणी वरपासून खालपर्यंत पाच, कुणी वरपासून खालपर्यंत चार. मी दारातच उभा होतो, हेही एक कारण असेल. याची विश्वासार्हता क्रॉनबॅक अल्फाने मोजतात, ०.७ च्या वर असली की लोक खूश. माझी आली ०.९७. मी अभिमानाने स्टॅटिस्टिक्सच्या सरांना दाखवली. ते म्हणाले, "पोरांनी प्रश्न न वाचता फॉर्म भरला की अशीच येते." प्रत्येकाने आपापला एकच आकडा धरून ठेवला, की सगळे प्रश्न एकमेकांशी शंभर टक्के जुळतात आणि अल्फा आभाळाला टेकते.

फॉर्मच्या शेवटी एक मोकळी चौकट होती, सूचना लिहायला. तिथे मात्र पोरं मनापासून बोलली. बहुतेकांनी मागच्या पंख्याबद्दल लिहिलं होतं. एकाने कॅन्टीनच्या सांबाराबद्दल लिहिलं होतं, तेही एसओएमच्या फॉर्ममध्ये. या मजकुराचं ‘थिमॅटिक अ‍ॅनालिसिस’ करायचं असतं. ते झाल्यावर पंख्याचं नाव ‘फिजिकल लर्निंग एन्व्हायर्नमेंट’ झालं. पंखा अजून बंदच आहे.

मग प्लॅग, म्हणजे उचलेगिरीची तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. सर्वसाधारण संज्ञा, प्रमाणित सूत्रं, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य, हे सगळं सोडून द्यावं असंही त्यात म्हटलं आहे. सॉफ्टवेअरने मात्र ते नियम वाचलेले नसतात. बेंडिंगच्या सूत्राखाली ‘जिथे एम म्हणजे बेंडिंग मोमेंट आणि आय म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया’ हे वाक्य येणारच. ते प्रत्येक पुस्तकात आहे, प्रत्येक नोट्समध्ये आहे, प्रत्येक गाइडमध्ये आहे. सॉफ्टवेअरने ते लाल केलं आणि समोर एका परप्रांतातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्याचा रिपोर्ट दाखवला, जणू मी त्या पोराचं चोरलं.

"थोडं हलवा की सर वाक्य," सगळे म्हणाले. एका तरुण सहकाऱ्याने वाक्यं हलवून देणारं टूल दाखवलं. त्याने ‘बेंडिंग मोमेंट’चं ‘स्टूपिंग इन्स्टंट’ केलं. हा काही एकट्या आमच्या कॉलेजचा पराक्रम नाही. फ्रान्समधल्या गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे छळ करून बदललेले शब्द शोधायला घेतले, तर छापून आलेल्या पेपरांत आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ सापडलं. आता तर एआय अख्खा पेपरच लिहून देतं. २०२४ मध्ये लिथियम बॅटरीवरचा एक पेपर गाजला. त्याची प्रस्तावनाच ‘जरूर, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होत होती. लेखकांनी वाचलं नाही, तपासणाऱ्यांनी वाचलं नाही, संपादकांनी वाचलं नाही. पेपर कुणीच वाचत नाही या आमच्या जुन्या समजुतीला इतका भक्कम पुरावा आधी मिळाला नव्हता.

पण खरी मजा आली ती पेपर ‘ब्लाइंड’ करताना. तपासणाऱ्याला लेखक कळता कामा नये, म्हणून नावं काढा, कॉलेज काढा, आभार काढा. मामांचा विषय इथे आपोआप मिटला. राहिला वर्गाचा एक फोटो, गट करून फोम वाकवणाऱ्या पोरांचा. संपूर्ण पेपरमध्ये बघण्यासारखी ती एकच गोष्ट. फोटोत मागे बॅनर होता, त्यावर कॉलेजचं नाव, संस्थापकांचा फोटो आणि नॅकची श्रेणी. बॅनर कापला. मग दिसलं की पोरांच्या शर्टाच्या खिशांवर बोधचिन्ह आहे. ते एकेक करून पुसलं. आयकार्डच्या निळ्या पट्ट्यांवर कॉलेजचं नाव दर तीन इंचांवर छापलेलं, त्याही धूसर केल्या. बाकांवर ‘सिव्हिल विभाग’ आणि नोंदणी क्रमांक पांढऱ्या रंगाने लिहिलेला. तो झाकला. भिंतीवर भूतपूर्व अध्यक्षांच्या नावाची कोनशिला निघाली, ती झाकली. शेवटी पोरांच्या चेहऱ्यांसाठी लेखी संमती नाही, असं कुणीतरी काढलं. चेहरेही गेले. ‘आकृती ३: विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग’ या ओळीच्या वर आता एक ट्यूबलाइट आणि तो बंद पंखा स्वच्छ दिसतो. एवढं करून फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बघितलं तर लेखक म्हणून कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराचं नाव. ते तसंच ठेवलं. तपासणाऱ्याने शोधलाच तर त्याला शोधू दे.

या गडबडीत एक गोष्ट पेपरमधून गेली, ती सांगतो. फोम वाकवताना शेवटच्या बाकावरच्या, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या एका पोराने हात वर केला. "सर, मधल्या रेषेपाशी ताणबी नाही, दाबबी नाही म्हणताय. मग तिथलं मटेरियल ठेवायचं कशाला? काढून टाकू की." सबंध चॅप्टर ज्यासाठी शिकवायचा, तो आय सेक्शन त्याने फोम हातात धरून स्वतःच्या डोक्याने काढला होता. मी त्याला खिडकीतून समोरच्या वर्कशॉपचा गर्डर दाखवला: वर जाड, खाली जाड, मध्ये बारीक पट्टी. "पण सगळंच काढून चालत नाही, मध्ये शिअर असतो" इथपर्यंत आलो आणि तास संपला. पोरगं पोस्ट-टेस्टमध्ये तीसपैकी अकरा मार्कांवर गेलं. माझ्या तक्त्यात ते ए डिव्हिजनची सरासरी खाली ओढतं, बाकी काही करत नाही. त्याचा प्रश्न मी ‘डिस्कशन’मध्ये घातला होता. विभागप्रमुख म्हणाले, "हे अ‍ॅनेक्डोटल आहे सर. रिव्ह्यूअर धरतील." काढला. अर्धं पान वाचलं, त्यात सीओ-पीओ, म्हणजे कोर्स आउटकम आणि प्रोग्रॅम आउटकम यांच्या, मॅपिंगचा तक्ता बसला.

पोर्टलवर पेपर चढवणं हा वेगळा सोहळा आहे, पण त्यात विनोद कमी आणि ओटीपी जास्त. एवढंच सांगतो की ज्या माणसाने वर्षानुवर्षं ‘मार्जिन नाही, इंडेक्सवर सही नाही’ म्हणून पोरांची जर्नलं परत पाठवली, त्याचा पेपर पहिल्यांदा परत आला तो ‘मार्जिन टेम्प्लेटप्रमाणे नाही’ म्हणून. दुसऱ्यांदा आला तो तक्त्याचं शीर्षक तक्त्याखाली होतं म्हणून. तक्त्याचं वर असतं आणि आकृतीचं खाली. हे सेकंड इयरच्या पोरांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी काळजी घेतो आहे.

मग कधीतरी अभिप्राय येतो. पहिले परीक्षक सज्जन असतात, ‘चांगलं काम, व्याकरण बघा’ एवढंच लिहितात. दुसऱ्या परीक्षकांना वेळ असतो. माझ्या दुसऱ्या परीक्षकांनी अडीच पानं लिहिली. कंट्रोल ग्रुप समतुल्य होता हे कशावरून, इंग्रजी सुधारा, पुढील चार पेपर उद्धृत करा. चारही पेपर एकाच माणसाचे, त्यामुळे डबल-ब्लाइंडमधला एक डोळा तिथेच उघडला. आणि शेवटचा प्रश्न: ‘विद्यार्थ्यांना संकल्पना खरोखर समजली, याचा ठोस पुरावा लेखकांनी द्यावा. आकृती ३ मधून काहीच स्पष्ट होत नाही.’

उत्तर पाठवलं आहे. ‘परीक्षकांच्या मौलिक सूचनेबद्दल आभार’ अशी सुरुवात करायची असते, तशी केली. आकडे आणखी दोन दशांश स्थळांपर्यंत दिले.

वाचणाऱ्यांत कुणी एसओएम शिकवत असेल, तर कामाचं तेवढं सांगतो. फोम गादीवाल्याकडे तुकड्यांच्या भावात मिळतो. चार इंच जाड आणि निदान दोन फूट लांब घ्या, पातळ तुकड्यात रेषा नीट दिसत नाहीत. रेषा पर्मनंट मार्करने मारा, खडूच्या पुसतात. पावती घेऊन ठेवा. पेपर नाही वाचला तरी चालेल.